गारगोट्या, शिंपले आणि लाकडी पळी

इथे इंग्लंडात नर्सरीच्या दारात पाऊल टाकलं की ‘सेन्सरी प्ले’ हा शब्द कानावर पडतोच. बाळाने वस्तू हाताळायच्या, हुंगायच्या, वाजवायच्या, तोंडात घालायच्या; अर्थ एवढाच! त्यासाठी पैसे भरून वर्ग असतात, महागडे खेळ मिळतात. आम्ही आज्या जरा हसतो. पण या कल्पनेचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात चक्क आपली मराठी माणसं भेटली.

एकोणिसाव्या शतकात सेगँ या फ्रेंच डॉक्टरने बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांना स्पर्श आणि हालचालींतून शिकवलं. त्याचं काम अभ्यासून डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह काढलं. गुलाबी मनोरा, सँडपेपरची अक्षरं ही त्यांचीच साधनं. हाताला कळलं की डोक्याला कळतं, असा एकूण विचार.

ही साधनं सुबक, पण खेड्यातल्या शाळेला परवडणार कशी? इथे ताराबाई मोडक येतात. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये त्यांनी समुद्राकाठच्या बोर्डी गावात काम सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. तिथे गारगोट्या, शिंपले, पानं, फुलं, बिया, माती हीच साधनं झाली! दलित वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ म्हणतात ती हीच. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. मला विचाराल तर माँटेसरीबाईंइतकंच हे मोठं काम. आपल्या इथे जन्मलेल्या नातवंडांना ताराबाईंचं नावही ठाऊक नाही, याची मात्र खंत वाटते.

ही झाली अडीच-तीन वर्षांपुढची मुलं. नुसतं बसू लागलेल्या बाळाचा विचार केला तो एलिनॉर गोल्डश्मिड या इंग्रज बाईंनी. युद्धानंतर त्यांनी काही वर्षं इटलीत तान्ह्या मुलांमध्ये काम केलं. त्यांची ‘ट्रेझर बास्केट’ म्हणजे एक बुटकी, भक्कम टोपली. त्यात लाकडी चमचा, ब्रश, साखळी, आख्खं लिंबू, चामड्याचं पाकीट. प्लॅस्टिक नाही, कारण ते सगळं सारखंच गुळगुळीत, ना वजन ना वास. मोठ्यांनी जवळ बसायचं, पण तोंड मिटून. (हे आपल्याला जमणं कठीण!) बाळ वस्तू तोंडात घालतं कारण त्या वयात ओठ आणि जीभ फार तल्लख असतात. आपण मात्र लगेच “छी छी” म्हणून हिसकावून घेतो.

गारगोट्या, बिया मात्र तीन वर्षांखालच्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. बाकी टोपली भरायला दुकानात जायची गरज नाही. नातवाच्या टोपलीत सध्या लाकडी पळी, ताक घुसळायची छोटी रवी, पितळी वाटी आणि सुती पंचाचा तुकडा आहे. वाटी आणि पळी एकत्र सापडली की शेजाऱ्यांची काही धडगत नसते!