निळ्या तुऱ्यांपासून लाल शिरांपर्यंत

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वनस्पतिशास्त्राशी ओळख झाली ती गच्चीवरच्या कुंड्यांमुळे आणि रद्दीच्या दुकानांत मिळालेल्या पुस्तकांमुळे. प्रसिद्ध छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांच्याविषयी वाचताना १९३६ सालच्या एका प्रदर्शनाची नोंद सापडली आणि या विषयाचा नाद लागला.

२४ जून १९३६ रोजी न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये स्टायकन यांचे प्रदर्शन सुरू झाले. दालनात छायाचित्रे नव्हती. होते ते त्यांनी स्वतः संकर करून वाढवलेल्या डेल्फिनियमचे उंच, निळे-जांभळे तुरे. ही खरी फुले आहेत, चित्रे किंवा छायाचित्रे नव्हेत, असा खुलासा संग्रहालयाला आधीच करावा लागला. जेमतेम आठवडाभर चाललेले हे प्रदर्शन जिवंत वनस्पतींना कलाकृती मानण्याच्या इतिहासात आज आरंभबिंदू मानले जाते.

कनेक्टिकटमधल्या आपल्या शेतावर स्टायकन वर्षानुवर्षे हे काम करत होते. त्याची रीत कोणत्याही संकरकाराची असते तीच. दोन झाडे निवडायची, परागसिंचन करायचे, बी पेरायचे, फुलोरा आला की मनासारखी थोडी रोपे ठेवायची आणि उरलेली उपटून टाकायची. अर्थात कलावंताचे मुख्य साधन निवड हेच.

मात्र त्या काळच्या अमेरिकेत ‘निवड’ हा शब्द बागेपुरता राहिला नव्हता. ‘अयोग्य’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्येच वैध ठरवला होता. स्टायकन त्या विचाराचे होते, असे मला मुळीच सुचवायचे नाही. उलट, १९५५ मध्ये त्याच संग्रहालयात त्यांनी ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन उभे केले. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे मांडून सगळी माणसे एका कुटुंबातली आहेत, असे त्यांना सांगायचे होते. हे प्रदर्शन पुढे मुंबईतही आले. फुलांमध्ये वेगळेपण हेरणारा हा माणूस माणसांमध्ये सारखेपण शोधत राहिला, याची नोंद मला महत्त्वाची वाटते.

स्टायकन झाडाच्या बाहेर उभे राहून निवड करत होते. सात दशकांनी एदुआर्दो काट्झ या ब्राझीलमध्ये जन्मलेल्या कलावंताने स्वतःलाच झाडात घातले. २००३ ते २००८ या काळात, मिनेसोटा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्या साहाय्याने, त्यांच्या रक्तातून वेगळे केलेले एक जनुक पिटुनियाच्या रोपात बसवण्यात आले. या रोपाला त्यांनी आपल्या नावाशी जुळणारे ‘एड्यूनिया’ हे नाव दिले. २००९ मध्ये मिनियापोलिसच्या वाइझमन कला संग्रहालयात ते मांडले गेले. गुलाबी पाकळ्या आणि त्यांवर लालभडक शिरा.

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. आमच्या वाचनालयातल्या एका व्याख्यानात, माणसाच्या जनुकामुळे त्या शिरा लाल झाल्या, असे मी ठासून सांगितले होते. नंतर बारकाईने वाचले तेव्हा उलगडले की ते जनुक प्रतिपिंडाचे आहे आणि प्रतिपिंडाला रंग बनवता येत नाही. लाल रंग पिटुनियाचा स्वतःचाच. जनुक फक्त शिरांमध्येच कार्यरत राहील, अशी योजना होती, एवढेच. म्हणजे डोळ्यांना दिसते ते झाडाचे आणि माणसाचे जे आहे ते दिसतच नाही.

चूक कळल्यावर ही कलाकृती मला अधिक कळली. प्रतिपिंडांचे काम परक्याला ओळखण्याचे. शरीर आपले कोण आणि बाहेरचे कोण हे ज्यांच्या आधारे ठरवते, त्यांपैकी एकाचे जनुक इथे थेट परक्या देहात राहायला गेले आणि त्या देहाने ते चालवून घेतले. रक्तावरून माणसाची ओळख ठरवणाऱ्यांनी या फुलासमोर घटकाभर उभे राहावे.

पुढच्या व्याख्यानाची सुरुवात मी या दुरुस्तीनेच केली. एका आजोबांनी विचारले, “मग त्या फुलात माणूस कुठे आहे?” मी म्हणालो, “लाल रंग पाहून तो तिथे आहे असे तुम्हा-आम्हाला वाटले ना, तिथेच.”