हँडबॉल : गोलरक्षकाऐवजी सातवा आक्रमक
हँडबॉलमध्ये प्रत्येक संघाचे ७ खेळाडू मैदानावर असतात. त्यांपैकी एक सामान्यतः गोलरक्षक असतो. चढाईच्या वेळी त्याच्या जागी मैदानी खेळाडू उतरविण्याची मुभा पूर्वीही होती; परंतु त्या खेळाडूस गोलरक्षकाच्या रंगाचा पोशाख घालावा लागे. आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने १ जुलै २०१६ पासून ही अट काढून टाकली. त्याच वर्षीच्या रिओ दे जानेरो येथील ऑलिंपिक सामन्यांपासून हा डावपेच रूढ होत गेला.

त्याचे दोन प्रकार आहेत. ६ बचावपटूंविरुद्ध ७ आक्रमक उभे केल्यास गोलक्षेत्राच्या ६ मी. रेषेलगत दोन खेळाडू ठेवता येतात. त्यामुळे बचावफळी मागे रेटली जाते व कडेचा खेळाडू मोकळा सापडतो. एखादा खेळाडू २ मिनिटांसाठी निलंबित झाला असता चढाईत संख्याबळ राखणे, हा दुसरा प्रकार होय. यामुळे निलंबनाच्या शिक्षेची धार काहीशी बोथट झाली आहे.

चेंडू गमावताच मात्र ३ मी. रुंद व २ मी. उंचीचा गोल उघडा पडतो. मैदानी खेळाडूंपैकी कोणालाही गोलक्षेत्रात शिरून गोलरक्षकाचे काम करता येत नाही. बदली होऊन गोलरक्षक परतण्यापूर्वी प्रतिस्पर्धी ४० मी. लांबीच्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडूनही गोल करू शकतो. म्हणून या डावपेचाचे यश धाडसापेक्षा अचूक चेंडूफेक व संयम यांवर अधिक अवलंबून असते.