उपशामक परिचर्या व कर्करुग्णांची मनोव्यथा

मूळ रोग बरा होण्याची शक्यता असो वा नसो, रुग्णाच्या वेदना, इतर त्रासदायक लक्षणे व मनावरील ताण यांचे निवारण करून त्याचे जीवन शक्य तितके सुसह्य करणाऱ्या वैद्यकीय सेवेस उपशामक परिचर्या म्हणतात. ‘झगा’ किंवा ‘आवरण’ या अर्थाच्या ‘पॅलियम’ या लॅटिन शब्दाशी तिच्या पाश्चात्त्य नावाचा संबंध आहे. रुग्णाची मनोव्यथा हा या परिचर्येचा आरंभापासूनचा विषय आहे. तथापि पुढे तिच्या नावाचीच रुग्णांना धास्ती वाटू लागली, ही तिच्या इतिहासातील लक्षणीय विसंगती होय.

एकोणिसाव्या शतकात मरणासन्न रोग्यांची शुश्रूषा प्रामुख्याने धार्मिक वृत्तीच्या स्त्रियांनी केली. डब्लिन येथे १८७९ मध्ये व लंडनमधील हॅक्‌नी येथे १९०५ मध्ये आयरिश जोगिणींनी शुश्रूषागृहे काढली. वैद्यकाचे लक्ष मात्र रोग बरा करण्यावरच केंद्रित होते. रुग्णाला रोगाचे नाव सांगण्याचाही प्रघात नव्हता. शिकागो येथील एका रुग्णालयातील डॉक्टरांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. ९०% डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडे होता. त्यामुळे रुग्णाला आपली भीती एकट्यानेच सोसावी लागे.

हे चित्र पालटण्यात सिसिली साँडर्स (१९१८–२००५) यांचा वाटा मोठा आहे. परिचारिका, रुग्णालयीन समाजसेविका व अखेर डॉक्टर असा त्यांचा प्रवास झाला. डेव्हिड टास्मा हा पोलिश ज्यू कर्करुग्ण १९४८ मध्ये मरण पावला. साँडर्स काढतील त्या गृहाला एक खिडकी व्हावी, म्हणून त्याने ५०० पौंड ठेवले होते. १९६७ मध्ये लंडनमध्ये उघडलेल्या सेंट ख्रिस्तोफर शुश्रूषागृहाची प्रेरणा त्यातूनच मिळाली. वेदना असह्य होण्याची वाट न पाहता मॉर्फीन ठराविक वेळाने द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. वेदनेला शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चार अंगे असतात, हा ‘समग्र वेदने’चा विचार त्यांनी मांडला.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या मुलाखतींवरून नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य व स्वीकार या पाच अवस्था वर्णिल्या. त्या ठराविक क्रमाने येतातच असे नाही, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्याची आवश्यकता त्यांमुळे पटली. १९७९ मध्ये अमेरिकेत तशीच प्रश्नावली पुन्हा दिली असता ९७% डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे आढळले. जिमी हॉलंड (१९२८–२०१७) यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करुग्णांच्या मानसिक उपचारांचा पाया घातला. मनोविकाराचा शिक्का बसू नये म्हणून ‘मनोव्यथा’ या अर्थाची सौम्य संज्ञा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली व ती मोजण्यासाठी ० ते १० अंकांची, तापमापकासारखी मोजपट्टी वापरात आणली.

नावाचा प्रश्न कॅनडात प्रथम उद्भवला. शुश्रूषागृहासाठी वापरला जाणारा ‘हॉस्पिस’ हा शब्द फ्रेंच भाषकांना अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रयगृहाची आठवण करून देई. म्हणून बाल्फर मौंट यांनी १९७५ मध्ये माँट्रिऑल येथे सुरू केलेल्या कक्षाला ‘उपशामक परिचर्या’ हे नाव दिले. कालांतराने हे नावही मृत्यूशी निगडित झाले. टोराँटो येथील २०१६ च्या अभ्यासात रुग्ण व त्यांचे आप्त यांच्या मनात या नावाने मृत्यू, निराशा व परावलंबन यांचे चित्र उभे राहत असल्याचे आढळले. ज्यांनी ही सेवा लवकर अनुभवली त्यांचे मत बदलले, तरी नावाचा कलंक पूर्णपणे गेला नाही. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २००७ मध्ये ‘आधारपर परिचर्या’ हे नाव स्वीकारल्यावर बाह्यरुग्ण तिच्याकडे अधिक लवकर पाठविले जाऊ लागले.

ही परिचर्या म्हणजे उपचारांचा शेवट, या समजुतीला २०१० मध्ये बॉस्टन येथील अभ्यासाने छेद दिला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर ती लगेच मिळाली, त्यांच्यात नैराश्य कमी आढळले. त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने होते, तर इतरांचे ८.९ महिने.

भारतातील पहिले शुश्रूषागृह, शांती आवेदना, एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन केले. कालिकत येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कार्यातून केरळमध्ये घरोघरी जाऊन सेवा देण्याची पद्धत रुजली. पुण्यात १९९७ मध्ये असे केंद्र निघाले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फीन मिळणे दुष्कर झाले होते; २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुलभ झाले. मनोव्यथेची अडचण मात्र कायद्याने सुटणारी नाही. रुग्णाला रोगाचे नाव कळू देऊ नका, अशी विनंती कुटुंबीय पुष्कळदा डॉक्टरांना करतात. हेतू मायेचा असला, तरी रुग्णाला बहुधा संशय आलेला असतो. मग दोन्ही बाजूंचे मौन त्याला एकाकी करते आणि उपशमाची वेळ निघून जाते.