सोलापूरची जुनी मिल आणि लाभांशाचा हक्क

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ साली मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. सोलापूरकर तिच्या गिरणीला ‘जुनी मिल’ म्हणतात. भागधारकाच्या हक्कांवरचे स्वतंत्र भारतातले पहिले महत्त्वाचे खटले याच कंपनीमुळे उभे राहिले.

१९५० मध्ये कंपनीचे वसूल भांडवल ३२ लाख रुपये होते. त्यातले निम्मे सामान्य भागांचे होते. उरलेले निम्मे शंभर रुपयांच्या ३२,००० संचयी अग्रहक्क भागांचे होते. या भागांवर प्रत्येकी पन्नास रुपयेच भरलेले होते. अशा भागांना नफ्यातून ठरलेल्या दराने आधी लाभांश मिळतो. एखाद्या वर्षी तो चुकला, तर थकबाकी पुढे चालू राहते आणि ती फिटेपर्यंत सामान्य भागधारकाची पाळी येत नाही. नफाच नसेल, तर दोघांचेही हात रिकामे राहतात.

ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कंपनीचा कारभार ताब्यात घेतला. पुढे त्याची जागा कायद्याने घेतली. जुने संचालक दूर झाले. संचालक निवडण्याचा भागधारकांचा अधिकार स्थगित झाला आणि त्यांचे ठराव सरकारी संमतीशिवाय निष्प्रभ ठरले.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने याचिका फेटाळली गेली. भाग अजून त्याचेच आहेत, ते विकण्याचा आणि लाभांश घेण्याचा हक्कही शाबूत आहे, असा निकालातला एक प्रमुख मुद्दा होता.

दरम्यान नव्या संचालकांनी अग्रहक्क भागांवरचे उरलेले पन्नास रुपये मागितले. ज्या कारभारात आपला शब्द चालत नाही, त्यासाठी भागधारकांवर आणखी १६ लाखांचा बोजा येणार होता. द्वारकादास श्रीनिवास यांनी या मागणीविरुद्ध दावा लावला. १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वटहुकूम अवैध ठरवला: नाव कागदावर राहिले तरी कंपनीच्या मालमत्तेचा ताबा आणि कारभार मोबदल्याविना काढून घेतला गेला आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

१९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मर्यादित काळासाठी मालमत्तेचे व्यवस्थापन ताब्यात घेणाऱ्या आणि भागधारकांच्या मताधिकारात बदल करणाऱ्या कायद्यांना संरक्षण दिले. कारभार हातून गेल्यावर उरलेला लाभांशाचा हक्क किती मोलाचा असतो, हे मात्र या दोन निकालांनी सर्वांसमोर मांडले होते.