अंगण कोण झाडतं? हरगिला पक्ष्याची गोष्ट

झाडं वाचवा, पक्षी वाचवा, असं आपण भिंतींवर वाचतो, सभांमध्ये ऐकतो. पण नुसती पाटी वाचून माणसाची वागणूक बदलते का? आज आम्ही तुम्हांला आसाममधल्या बायकांचा इतिहास सांगणार आहोत. तो फार जुना नाही. आपल्याच काळात घडलेला आहे.

हरगिला हा करकोच्याच्या जातीचा पक्षी. उभा राहिला की जवळपास पाच फूट भरतो. टक्कल पडलेलं डोकं, जाड लांब चोच, गळ्याखाली लोंबणारी पिशवी. हरगिला म्हणजे हाडं गिळणारा. मेलेली जनावरं, मासे, उंदीर असं सगळं तो खातो. गिधाडासारखाच सफाईचं काम करणारा पक्षी.

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोलकात्यात हे पक्षी खूप दिसत. मोठमोठ्या इमारतींच्या छपरांवर ओळीनं बसत. शहराची घाण साफ करतात म्हणून त्यांना मारायला बंदी होती. कोलकाता महापालिकेच्या जुन्या चिन्हावरही याच पक्ष्यांची जोडी होती. पुढे उघड्यावरची घाण कमी झाली, पाणथळ जागा बुजल्या, घरट्यांची उंच झाडं तुटली. हरगिला कोलकात्यातून दिसेनासा झाला. उरला तो मुख्यतः आसाम, बिहारमधला भागलपूरचा परिसर आणि कंबोडिया इथं.

आसाममध्ये तो राहिला, पण राखीव जंगलात नाही. गुवाहाटीजवळ कामरूप जिल्ह्यात दादरा, पचरिया, सिंगिमारी ही गावं आहेत. तिथं लोकांच्या परसातल्या कदंबासारख्या उंच झाडांवर तो घरटी बांधतो. अडचण इथंच होती. पिल्लांसाठी आणलेलं कुजकं मांस खाली अंगणात पडायचं. शीट पडायची, वास सुटायचा. लोक या पक्ष्याला अपशकुनी म्हणत, रोग आणणारा म्हणत. मग झाडाचा मालक झाडच तोडून टाकी. झाड त्याचं, अंगण त्याचं. त्याला बोलणार कोण?

2007 साली दादरा गावात असंच एक झाड पडलं. त्यावरच्या घरट्यांत नऊ पिल्लं होती. पूर्णिमा देवी बर्मन तेव्हा याच पक्ष्यावर पीएच.डी.चा अभ्यास करत होत्या. त्यांनी मालकाला जाब विचारला, तर आजूबाजूचे लोक जमले आणि त्यांचीच टिंगल करू लागले. एवढा पुळका असेल तर आमच्या घरी येऊन ही घाण साफ कर, असंही त्यांना सुनावलं गेलं. घरी त्यांच्या लहानग्या जुळ्या मुली होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी पीएच.डी. बाजूला ठेवली आणि आधी गावात काम करायचं ठरवलं. ती पदवी त्यांनी पुढे 2019 मध्ये पूर्ण केली.

मैत्रिणींनो, तो टोमणा होता, पण त्यात एक खरा प्रश्न होता. अंगण रोज झाडतं कोण? घरातली बाई. सभेला येतात कोण? बहुतेक पुरुष. म्हणजे जिला त्रास, तिलाच कुणी विचारलेलं नव्हतं. म्हणून बर्मन बायकांकडे वळल्या. त्यांनी पक्ष्यावर भाषणं ठोकली नाहीत. आधी स्वयंपाकाच्या स्पर्धा ठेवल्या. बायका जमल्या, पदार्थ झाले, हसणं-बोलणं झालं, आणि त्यातून हरगिल्याचा विषय निघाला.

आसाममध्ये गरोदर बाईसाठी पंचामृताचा सोहळा करतात, आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखा. विणीचा हंगाम आला की या बायका हरगिल्यासाठीही पंचामृत करू लागल्या. विचार करा, ज्याला कालपर्यंत अपशकुनी म्हणत होतो, त्याचंच डोहाळजेवण! अशा सोहळ्यानंतर त्याच झाडावर कुऱ्हाड चालवायला हात धजेल का?

दुसरी गोष्ट मागाची. आसामात पुष्कळ घरांत विणकाम चालतं. बायकांना माग आणि सूत मिळालं. गामोसा, मेखला-चादर, साड्या यांवर हरगिल्याची नक्षी उमटू लागली. ते कापड विकून हातात पैसा आला. घाण काढणाऱ्या हातांना मोबदला आणि मान दोन्ही मिळाले. या बायकांचं नावच पडलं 'हरगिला आर्मी', म्हणजे हरगिल्याची फौज. झाडांखाली जाळी बांधायची, पडलेलं पिल्लू उचलून उपचाराला पाठवायचं, नवी झाडं लावायची, ही कामं गावानं आपली मानली.

सुरुवातीला या तीन गावांत 28 घरटी मोजली होती. 2022 पर्यंत ती 250 च्या वर गेली. हरगिल्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत आज इथं आहे. फौजेत तेव्हा सुमारे दहा हजार बायका होत्या. त्याच वर्षी बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये जागतिक यादीत हरगिल्याचं नाव 'संकटग्रस्त' गटातून निघून 'संकटाच्या जवळ' या कमी धोक्याच्या गटात आलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवू या. वास अजून तसाच येतो. शीट आजही अंगणातच पडते. पक्षी बदललेला नाही, बाईचं कामही संपलेलं नाही. बदललं ते एवढंच, की त्या कामाची आता गावाला जाण आहे आणि ती बाई त्यात एकटी नाही.

आपल्या गावातही साप निघतो, रानडुक्कर शेतात शिरतं, बिबट्या गोठ्याजवळ येतो. मग अधिकारी येतात, सभा होते, सूचना दिल्या जातात. पुढच्या वेळी गटाच्या बैठकीत हा प्रश्न जरूर घ्या : त्या जनावराचा त्रास आपल्यात नेमका कुणाला होतो, पहाटे शेण काढायला गोठ्यात कोण जातं, आणि सभेत तिला कुणी बोलू दिलं का? उत्तर मिळालं की आम्हांला कळवा. आपण त्यावर पुन्हा बोलू. नमस्कार.