संधिकूर्चा-दुरुस्ती, ऊतक अभियांत्रिकीद्वारे

सांध्यात एकत्र येणाऱ्या हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत व लवचिक आवरणास संधिकूर्चा म्हणतात. दुखापतीमुळे तीत पडलेला खळगा जिवंत कोशिका आणि त्यांना आधार देणारी जाळी यांच्या साहाय्याने भरून काढणे, हे ऊतक अभियांत्रिकीच्या (शरीरबाह्य संवर्धनाने ऊतक, म्हणजे समान रचनेच्या व कार्याच्या कोशिकांचा समूह, तयार करण्याच्या तंत्राच्या) आरंभीच्या उद्दिष्टांपैकी एक होय.

गुडघ्यातील संधिकूर्चा साधारणपणे २ ते ४ मिमी. जाड असते. तिच्यात मुख्यत्वे पाणी असून ते कोलॅजेन तंतूंच्या जाळ्यात व प्रोटिओग्लायकान या संयुगांत धरून ठेवलेले असते. त्यामुळे ती भार सहन करते व घर्षण कमी ठेवते. तिच्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका नसतात आणि कोशिकाही विरळ असतात. जखम झाल्यास रक्तातून येणारी दुरुस्तीची सामग्री तेथे पोहोचत नाही. कूर्चा एकदा नष्ट झाली की पुन्हा भरून येत नाही, असे प्रतिपादन ब्रिटिश शारीरविज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच केले होते. या विषयाचा पुढील इतिहास म्हणजे हंटर यांचे हे मत कितपत खोडून काढता येते, याचाच शोध होय.

ब्रिस्टल येथील शस्त्रक्रियाविशारद प्रिडी यांनी १९५९ मध्ये कूर्चेखालील हाडास छिद्रे पाडण्याची पद्धती मांडली. अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी १९८० नंतरच्या दशकात बारीक छिद्रांची सुधारित पद्धती रूढ केली. छिद्रांतून येणाऱ्या रक्तामुळे खळगा भरतो. परंतु तेथे तयार होणारी कूर्चा तंतुमय असते. मूळच्या काचाभ (काचेसारख्या दिसणाऱ्या) कूर्चेइतकी ती टिकाऊ नसते.

दुसरा मार्ग कूर्चाकोशिका शरीराबाहेर वाढविण्याचा होता. येथे एक मूलभूत अडचण उद्भवली. सपाट काचपात्रात पसरून वाढलेल्या कोशिकांची संख्या वाढते, पण त्यांचे मूळ गुणधर्म लोपतात व त्या वेगळ्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात. बेन्या व शॅफर यांनी १९८२ मध्ये सशाच्या अशा कोशिका ॲगॅरोजच्या जेलमध्ये ठेवल्या असता त्या पुन्हा कूर्चाकोशिकांप्रमाणे वागू लागल्याचे दाखवून दिले. कोशिकेचे कार्य तिच्या भोवतालच्या त्रिमितीय रचनेवर अवलंबून असते, हे यावरून स्पष्ट झाले. आधारजाळीच्या पुढील सर्व संशोधनामागे हेच तत्त्व आहे. रॉबर्ट लँगर व जोसेफ व्हाकान्टी यांच्या १९९३ मधील लेखामुळे या ज्ञानशाखेस सर्वत्र मान्यता मिळाली.

स्वीडनमधील ब्रिटबर्ग, लिंडाल, पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. सांध्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेचा लहान तुकडा काढून, त्यातील कोशिका प्रयोगशाळेत वाढवून त्या अस्थिवेष्टनाच्या पडद्याखाली खळग्यात सोडण्यात आल्या. मांडीच्या हाडाच्या टोकावर उपचार झालेल्या १६ रुग्णांपैकी १४ जणांत दोन वर्षांनंतर परिणाम चांगला वा उत्कृष्ट होता. गुडघ्याच्या वाटीच्या ७ रुग्णांपैकी केवळ दोघांत तो तसा होता. एकाच सांध्यातही जागेनुसार यश बदलते, हे यावरून दिसून आले.

अमेरिकेत या प्रकारच्या उपचारास १९९७ मध्ये, तर कोशिका कोलॅजेनाच्या पटलावर पेरण्याच्या सुधारित पद्धतीस २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतात रुग्णाच्याच कूर्चाकोशिका वापरणाऱ्या अशा उपचारास २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तो मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीचा असून तिची प्रयोगशाळा लोणावळा येथे आहे.

या पद्धतीच्या मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सभोवतालची कूर्चा निरोगी असलेल्या मर्यादित खळग्यासाठी ती उपयुक्त आहे. उतारवयात सबंध सांधा झिजून होणाऱ्या संधिवातावर ती इलाज नव्हे. त्याच्या तीव्र अवस्थेत कृत्रिम सांधा बसविणे हाच रूढ उपाय आहे. शिवाय प्रथम तुकडा काढणे व काही आठवड्यांनी रोपण करणे, अशा दोन शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि त्यानंतर बराच काळ पायावर पूर्ण भार देता येत नाही. परभणी जिल्ह्यातील चुडाव्यासारख्या गावात खुरपणी, वेचणी व ओझी वाहणे ही कामे गुडघ्यांवरच अवलंबून असतात. तेथील शेतमजुरास महानगरातील प्रयोगशाळेपेक्षाही हा सक्तीच्या विश्रांतीचा काळ अधिक दूरचा ठरतो. एकाच शस्त्रक्रियेत पार पडणारी व दात्याच्या कोशिका वापरणारी पद्धती शोधण्याचे प्रयत्न याच कारणास्तव महत्त्वाचे आहेत. हंटर यांचे मत अंशतः सौम्य झाले आहे. मात्र भार, घर्षण व काळ या तिन्हींना पुरून उरणारी मूळ कूर्चा हुबेहूब घडविणे अद्याप साध्य झालेले नाही.