ओमच्या सूत्रातला विसरलेला ‘ब’

विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. माध्यमिक शाळेच्या वर्गात आपण हे सूत्र फळ्यावर लिहितो, दोन-तीन उदाहरणे सोडवून घेतो आणि पुढच्या भागाकडे वळतो. सूत्र इतके सुटसुटीत आहे की यात शोधायचे ते काय होते, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याला पडावा. पण ज्या माणसाच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्याच्यापुढे ना व्होल्टमीटर होता, ना अमीटर, ना खात्रीचा घट. त्याने लिहिलेले पहिले सूत्र चुकीचे होते. आणि दुसरे, बरोबर सूत्र आपल्या पाठ्यपुस्तकातल्या सूत्रापेक्षा थोडे वेगळे होते. हा वेगळेपणा वर्गात फार उपयोगी पडतो. म्हणून ही हकिकत जरा सावकाश पाहू.

कुलूपकाराचा मुलगा

गेओर्ग सिमोन ओम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी बव्हेरियातील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेत फारसे न शिकलेल्या या गृहस्थाने स्वतःच्या हिमतीवर गणित आत्मसात केले आणि आपल्या मुलांना घरीच शिकवले. गेओर्गचा धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणितज्ञ झाला. गेओर्ग मात्र विद्यापीठात गेल्यावर नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच रमला. वडिलांनी संतापून त्याला तिथून काढले, आणि १८०६ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा शिक्षक झाला. १८११ मध्ये एर्लांगेनला परतून त्याने डॉक्टरेट मिळवली. तरी विद्यापीठातली मनासारखी जागा लाभली नाही, आणि शाळामास्तरकीच नशिबी आली. १८१७ मध्ये तो कलोन शहरातील जेझुइट परंपरेच्या शाळेत गणित व भौतिकी शिकवू लागला. या शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. हातांना कारागिरीची सवय होतीच. शिकवून उरलेला वेळ ओम तिथे घालवू लागला.

मोजायचे कशाने?

व्होल्टाने १८०० मध्ये आपली विद्युत‌्-चळत जाहीर केली, तेव्हापासून सतत वाहणारी वीज हाताशी आली होती. पण ती किती वाहते हे मोजायचे कसे? ठिणगी केवढी पडली, झटका किती बसला, पाण्यातून वायू किती निघाला, यांवरून अंदाज बांधले जात. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिशने तर १७८१ च्या सुमारास स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून ओमच्या नियमाजवळ जाणारा निष्कर्ष काढला होता. त्याने तो छापला नाही. मॅक्सवेलने ती टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर ओमला जाऊन पंचवीस वर्षे झाली होती.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडला दिसले की विद्युतधारा वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते. आता मोजमापाला एक साधन मिळाले. तारेची लांबी वाढवली तर हा परिणाम किती घटतो, हे अनेकांनी तपासायला घेतले. इंग्लंडच्या पीटर बार्लोने १८२५ मध्ये सांगितले की परिणाम लांबीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. अवघ्या दोनशे फूट तारेत इतकी घट पाहून त्याने विजेच्या तारायंत्राची कल्पना अव्यवहार्य ठरवली. नियम चुकला की व्यवहारही कसा अडतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पहिले सूत्र का फसले?

ओमनेही १८२५ मध्ये व्होल्टाच्या पद्धतीचा घट वापरून प्रयोग केले आणि लॉगॅरिदम असलेले एक सूत्र प्रसिद्ध केले. ते चुकीचे होते. दोष गणितात नव्हता, घटात होता. मंडल जोडले की अशा घटातल्या तांब्याच्या पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे जमतात आणि घटाचा जोर उतरत जातो. मंडल तोडून थोडे थांबले की तो पुन्हा काहीसा वर येतो. म्हणजे ओम बदलत होता तारेची लांबी, पण तिच्याबरोबर घटही बदलत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. इथे दुसरी गोष्ट न सांगता बदलत होती.

‘अनालेन’ या भौतिकीच्या नियतकालिकाचा संपादक पोगेनडॉर्फ याने ओमला सुचवले, की रासायनिक घट सोडा आणि तापविद्युत युग्म वापरून पाहा. दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की मंडलात वीज वाहते, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवले होते. ओमने बिस्मथच्या कांबीच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडल्या. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दोन्ही तापमाने जागची हलत नाहीत, म्हणून विजेचा जोरही स्थिर राहतो. बुडबुड्यांचा प्रश्नच उरला नाही.

मोजण्याची युक्तीही साधी होती. टांगलेली चुंबकसूची धारेमुळे वळली की तिची टांगणी वरून पिळून सूची मूळ जागी आणायची. पीळ किती द्यावा लागला, ते धारेचे माप. पिळाचा पूर्ण फेरा शंभर भागांत वाटलेला होता. एकाच तारेचे आठ तुकडे करून त्यांची टोके पाऱ्याच्या वाट्यांत बुडवून ओमने ते एकेक करून मंडलात जोडले. ८ जानेवारी १८२६ चे त्याचे आकडे असे आहेत:

लांबी (इंच): २, ४, ६, १०, १८, ३४, ६६, १३०
मोजलेला पीळ: ३२६.७५, ३००.७५, २७७.७५, २३८.२५, १९०.७५, १३४.५, ८३.२५, ४८.५

या आकड्यांवरून त्याने सूत्र बांधले:

पीळ = अ ÷ (ब + लांबी)

अ = ७२८५ आणि ब = २०.२५ घेऊन विद्यार्थ्यांना स्वतः गणित करू द्या. दोन इंचांना ३२७.४ येते, अठरा इंचांना १९०.५, एकशे तीस इंचांना ४८.५. दोनशे वर्षांपूर्वी कलोनच्या एका शाळेत केलेली मोजणी इतकी नेटकी जुळते!

‘ब’ म्हणजे काय?

सांध्यांच्या तापमानांतला फरक कमी केला तेव्हा ‘अ’ कमी झाला, ‘ब’ मात्र तसाच राहिला. म्हणजे ‘अ’ हा विजेच्या उगमाचा जोर. आणि ‘ब’ हा तपासायची तार सोडून मंडलात जे काही उरते, म्हणजे युग्म, पट्ट्या, सांधे, त्या सर्वांचा रोध. हा सगळा सरंजाम जणू आणखी सव्वावीस इंच तांब्याच्या तारेइतका अडथळा करत होता.

ओमचे खरे मोठेपण इथे आहे. त्याने तार वेगळी आणि घट वेगळा असा विचार केला नाही. मंडल हे एकसंध आहे, त्यात कुठेही बदल केला की धारा सगळीकडे बदलते, हे त्याच्या सूत्रात आले. बार्लोचे कोडेही त्यातून सुटते. ‘ब’ लहान असेल तर थोडी तार वाढवली तरी धारा झपाट्याने घटते. पण अनेक घट एकसर जोडले तर ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही मोठे होतात, आणि लांबच लांब तारेनेही धारेत फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३१ मध्ये ओमचे सूत्र न वापरता, प्रयोगातून, घट एकसर जोडून हजार फुटांहून लांब तारेपलीकडे विद्युतचुंबक चालवून दाखवला.

उशिरा मिळालेला मान

निम्म्या पगारी रजेवर बर्लिनला जाऊन ओमने १८२७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. फूरियरने उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते, त्याच धर्तीवर ओमने विजेचे मांडले. प्रयोग मागे पडले, गणित पुढे आले, आणि वाचणारे बिचकले. बर्लिनच्या पोल या प्राध्यापकाने त्यावर कडक टीका केली. ज्या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल अशी ओमला आशा होती, त्याने काहीच दिले नाही. १८२८ मध्ये त्याने कलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनच्या लष्करी शाळेत तासांवर गणित शिकवून दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. जर्मनीत फेख्नरने १८३१ मध्येच त्याच्या नियमाला प्रयोगांचा आधार दिला होता. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले. म्यूनिक विद्यापीठात प्रायोगिक भौतिकीचे अध्यासन मिळाले ते १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ‘ओम’ हे नाव मान्य झाले.

वर्गात

‘घट नेहमी सारखीच धारा देतो’ आणि ‘बल्बमध्ये धारा खर्च होते’, या दोन समजुती विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट असतात. त्या मोडायला ओमचा प्रयोगच करून घ्यावा. एक टॉर्चचा घट, अमीटर आणि पट्टीवर ताणलेली नायक्रोमची तार पुरे. बल्ब घेऊ नये, कारण तापला की त्याचा रोध बदलतो. दर वेळी मंडल क्षणभरच जोडावे, नाहीतर घट उतरेल आणि ओमचीच १८२५ ची अडचण आपल्यापुढे उभी राहील. अमीटर तारेच्या आधी आणि नंतर लावून पाहावा. वाचन सारखेच येते.

मग आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर ‘एक भागिले धारा’ घेऊन आलेख काढावा. सरळ रेषा येईल, पण ती आरंभबिंदूतून जाणार नाही. ‘प्रयोग चुकला’ असे मुले म्हणतील. तेव्हा रेषा मागे वाढवून आडव्या अक्षाला कुठे छेदते ते पाहायला सांगावे. शून्यापासून तिथपर्यंतचे अंतर म्हणजेच आपल्या घटाचा, अमीटरचा आणि जोडण्यांचा मिळून ‘ब’. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात तो दिसत नाही, कारण तिथे आपण तारेच्या दोन टोकांमधलेच विभवांतर घेतो. जुना घट घालून हाच प्रयोग पुन्हा केला की रेषा सरकते, आणि घट जुना झाला की टॉर्च मंद का जळतो, याचा खुलासा विद्यार्थ्यांच्या वहीत आपोआप होतो.